कुळाचा रकाना

अमावास्येची सुकती, पहाटे पाच चाळीस.
हणजूणला जांभ्याचे खडक उघडे पडले तेव्हा
पिएदाद माझ्याआधीच पोचलेली,
झगा गुडघ्यावर खोचून कालवं फोडत,
तोंडात धरलेल्या बॅटरीच्या उजेडात.

मी चौकट मांडली, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर,
आणि त्यातला पहिला दगड उलटला.

दगडाच्या पोटाला सात जण,
नखाएवढे, तपकिरी, चपटे,
कुणीतरी अंगठ्याने दाबून बसवावेत तसे.
उजेड पडला आणि सरसर कडेला.
चिनी मातीचे खेकडे म्हणतात ह्यांना:
बशीसारखे गुळगुळीत,
हाताळताना बशीसारखीच धास्ती.

आधी पाय मोज, असं शिकवलं होतं मला.
खऱ्या खेकड्याला नांग्यांमागे चार जोड्या दिसतात.
ह्यांना तीन.
चौथी असते, काडीएवढी, कवचाखाली दुमडलेली,
कल्ले झाडायला ठेवलेली.
नातं ह्यांचं शंखात राहणाऱ्यांशी.
खेकड्याच्या रूपाला हे आपापल्या वाटेने आले,
अंग पसरत, शेपूट पोटाखाली ओढत,
कुणाचं बघून नव्हे.

"कितें मेजता गो?"
पाय, मी म्हणाले.
पिएदाद वाकली, बॅटरी जवळ आणली.
"ही कुर्ली न्हय."
कशावरून?
"हिचं कढीत काही उतरत नाही."
मी तेही लिहून घेतलं, वहीच्या मागच्या पानावर.

मग तक्ता भरताना मोठ्याने वाचत गेले,
गण, कुळ, प्रजाती
आणि ती कोयती हातात धरून सरळ उभी राहिली.
"कूळ? ह्यांचंय कूळ?"
तिचं मुंडकाराचं प्रकरण म्हापशात,
सासऱ्याच्या वेळेपासून, अकरा मामलेदार झाले.
"मग ह्यांचा भाटकार कोण?"

तो रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

डबक्यात एकाने पंखे उघडले.
तोंडाशी दोन, केसाळ,
एक पसरतो तेव्हा दुसरा आत वळतो,
लाट जे आणील ते चाळून घ्यायचं, बस.
ना शिकार, ना पाठलाग.
"मग एवढ्या थोर नांग्या कशाला?"
भांडायला, मी म्हणाले. दगडाखालच्या जागेसाठी.
पिएदाद इतकी हसली की बॅटरी पाण्यात पडली.
"म्हणजे कूळच!"

माप घ्यायला मी एकाला चिमटीत धरलं.
नांगी चिमटीत राहिली. तो गेला.
ओढाताण नाही, आवाज नाही,
सांधा जिथे सुटायचा तिथेच सुटला.
तळहातावर नांगी अजून उघडत होती, मिटत होती.

"परत येतो काय न्यायला?"
नाही. नवी उगवते, दोन-तीनदा कात टाकल्यावर.
"पयलीं इतकी?"
थोडी धाकटी.

तिचा रुझार विलायतेत आहे, सहा वर्षं.
हे तिने नंतर सांगितलं, कधीतरी, कालवांच्या भावाविषयी बोलता बोलता.
तेव्हा ती काहीच म्हणाली नाही.
नांगीकडे बघत राहिली, थांबेपर्यंत.

पाणी वळलं. पहिली लाट चौकटीला लागली.
शेऱ्यात मी लिहिलं: प्राणी सात, नांग्या तेरा.
दगड परत ठेवला तो घाईत, कडेवर,
स्पंज लागलेली बाजू आभाळाकडे.
चार पावलं गेलेली पिएदाद मागे आली.
टाचेने रेटून तिने तो पालथा केला,
पूर्वी होता तस्सा, ओलं खाली,
आणि खाली कुणी चेंगरत नाही ना, म्हणून
एका कडेला चिमटीएवढा खडा सारला.

बुधवारी तारीख आहे, म्हणाली जाताना.
बुधवारी सुकती सात वाजता.
त्या दिवशी मी एकटीच मोजीन.